टॉम कॉलिन्ससाठी गोव्याची कोणती जिन?

निकाल आधीच सांगून टाकतो. उंच ग्लासात, भरपूर बर्फावर टॉम कॉलिन्स, म्हणजे जिन, लिंबू, साखरेचा पाक आणि सोडा यांचं पेय, करायचा असेल तर ग्रेटर दॅन घ्या. घरात स्ट्रेंजर अँड सन्सची बाटली असेल तर तिच्यासाठी प्रमाण बदलावं लागतं, ते खाली दिलं आहे. हापुसा मात्र कॉलिन्समध्ये घालू नका, तिच्यासाठी दुसरं पेय आहे. तिन्ही जिन गोव्यात तयार होतात, महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतल्या चांगल्या दुकानांत मिळतात, आणि तिघींत जी स्वस्त तीच या कामाला सरस ठरते.

याचं कारण ग्लासातल्या हिशेबात आहे. ६० मिली जिनमध्ये लिंबू, पाक, सोडा आणि वितळलेला बर्फ मिळून साधारण २३० मिली पेय होतं, म्हणजे जिन जवळजवळ चौपट पातळ होते. बाटली उघडल्यावर नाकाला सुखावणारे नाजूक वास, वेलचीचे, बदामाचे, एवढ्या आंबटगोड पाण्यात टिकत नाहीत. टिकतात ते जुनिपर (जिनला तिचा मूळ वास देणारी फळं), धणे आणि लिंबूवर्गीय सालींचं तेल. ज्या जिनमध्ये हे तीन पुढे असतात ती कॉलिन्समध्ये ओळखू येते. बाकीच्यांचे जास्तीचे पैसे सोड्यात वाहून जातात.

पेय मूळचं लंडनचं. कॉन्ड्युइट स्ट्रीटवरच्या लिमर्स हॉटेलातल्या जॉन कॉलिन्स नावाच्या वेटरशी त्याचं नाव जोडलं जातं. 'टॉम' कुठून आला याची दोन उत्तरं देतात. एक म्हणजे ओल्ड टॉम ही त्या काळची किंचित गोड जिन. दुसरं म्हणजे १८७४ साली न्यूयॉर्कमध्ये पसरलेली एक टवाळी: 'तो टॉम कॉलिन्स पलीकडच्या बारमध्ये बसून तुझ्याबद्दल वाट्टेल ते बोलतोय' असं मित्राला सांगायचं, आणि तो तणतणत नसलेल्या माणसाला शोधायला निघाला की बाकीच्यांनी हसायचं. १८७६ मध्ये अमेरिकी बारटेंडर जेरी थॉमसच्या पाककृतींच्या पुस्तकात हे पेय छापून आलं. त्यात जिन, लिंबू आणि डिंक घातलेला साखरेचा पाक बर्फाबरोबर हलवून गाळायचे आणि वर साधा सोडा भरून फेस जिवंत आहे तोवर प्यायचं, असं सांगितलं आहे. आज आपण ते बर्फ भरलेल्या ग्लासात देतो. अमेरिकेत 'जॉन कॉलिन्स' मागितलात तर बहुतेक वेळा जिनऐवजी बर्बन, म्हणजे अमेरिकी व्हिस्की, येईल, हे तिकडे असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

तुलनेसाठी धरलेलं प्रमाण असं: जिन ६० मिली, ताज्या कागदी लिंबाचा गाळलेला रस २५ मिली, समभाग पाक (साखर आणि पाणी सारखंच) २० मिली, थंडगार सोडा १०० मिली. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं प्रमाण ४५ जिन, ३० लिंबू, १५ पाक आणि ६० सोडा असं आहे. ते पिवळ्या लेमनला ठीक आहे. आपल्या कागदी लिंबाला ते दात आंबवणारं होतं, म्हणून लिंबू थोडं कमी आणि पाक थोडा जास्त. छोट्या मापाचं हवं असेल तर जिन ४५ मिली करा आणि बाकी तसंच ठेवा. त्याचं मद्यार्क ११ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या आसपास येतं आणि चव फारशी बिघडत नाही. ६० मिलीचा एक कॉलिन्स म्हणजे ५ टक्क्यांच्या बियरच्या, ३३० मिलीच्या दीड पाइंटइतकी दारू. तो सरबतासारखा उतरतो, म्हणून हा आकडा डोक्यात असलेला बरा.

आता एकेक बाटली.

ग्रेटर दॅन ही नाओ स्पिरिट्सची, २०१७ मध्ये बाजारात आलेली लंडन ड्राय पद्धतीची जिन. लंडन ड्राय म्हणजे लंडनमध्ये बनलेली नव्हे. सगळा वास ऊर्ध्वपातनातूनच यायला हवा, नंतर अर्क किंवा रंग घालायचा नाही आणि साखर अगदी नावापुरतीच चालते, असा तो नियम आहे. हिच्यात जुनिपर आघाडीवर आहे, मागे धणे, आणि त्यांच्या जोडीला बडीशेप, आलं, कॅमोमाइल आणि गवती चहा. कॉलिन्समध्ये खरी कामगिरी करतात ते गवती चहा आणि धणे. लिंबाचा रस घशाखाली गेला की जिभेवर एक पोकळी उरते, ती हे दोन भरून काढतात, त्यामुळे लिंबाची चव लांबल्यासारखी वाटते. बडीशेपेमुळे थोडा गोडसरपणा आधीच आहे. गोड न आवडणाऱ्यांनी पाक १७-१८ मिलीवर आणला तरी तोल ढळत नाही. नुसती चाखली तर ही जिन जरा टोकदार आहे, आणि मार्टिनीसारख्या उघड्यावाघड्या पेयात तो टोकदारपणा जाणवतो. सोड्याखाली मात्र नेमकी तीच गोष्ट कामाला येते.

स्ट्रेंजर अँड सन्स ही थर्ड आय डिस्टिलरीची, २०१८ ची. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय वाइन अँड स्पिरिट स्पर्धेत तिला सुवर्णाच्याही वरचा मान मिळाला, आणि नुसत्या बर्फावर चाखली की तो का मिळाला ते कळतं. काळी मिरी, जायफळ, जायपत्री, ज्येष्ठमध आणि भारतीय लिंबूवर्गीय फळांच्या साली असा तिचा साज आहे. पण वरच्या प्रमाणात ती टाकली की जायफळ आणि मिरी साखरेचा हात धरून पुढे येतात, जुनिपर मागे सरतो आणि ग्लासाला मसाला सोड्याची झाक येते. काहींना ते आवडेलही, पण मग तो टॉम कॉलिन्स राहत नाही. हीच बाटली असेल तर लिंबू २० मिली, पाक १५ मिली, सोडा ८० मिली असं आखडतं घ्या आणि वरून लिंबाच्या फोडीऐवजी संत्र्याच्या सालीची पट्टी पिळून टाका. साखर कमी झाली की मसाला दबतो आणि संत्र्याचं तेल तिच्यातल्या सालींना साथ देतं. टॉनिकबरोबर ही जिन तिघींत उजवी आहे. क्विनाइनचा कडूपणा मसाल्याला आवरतो, साखरेला ते जमत नाही.

हापुसा नाओचीच, ग्रेटर दॅनपेक्षा बरीच महाग. हिमालयातलं जुनिपर, हळद, आंबा, वेलची, बदाम, बंगालचं गोंधोराज लिंबू. वास पावसाळी जंगलाचा, ओल्या मातीचा आणि चीडाच्या राळेचा. या वासाला आंबट आणि गोड दोन्ही एकदम सोसत नाहीत: लिंबू वरचा भाग कापून टाकतं, पाक खालचा भाग जड करतो आणि मधे हळदीचा मातकटपणा तेवढा उरतो. रिकीत, म्हणजे साखरेविना, ती छान लागते. कृती पुढे आहे.

परदेशी बाटल्यांना हाच निकष लावा. बीफईटर, टँकरे, गॉर्डन्स यांच्यात जुनिपर ठाम आहे, त्या चालतात. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वगैरे जिनमध्ये बहुधा साखर आधीच असते, त्यांच्यावर पाक घातला की काकवी होते. ओल्ड टॉम मिळालीच तर जरूर आणा आणि पाक १५ मिलीवर आणा, पण आपल्याकडच्या फळीवर ती क्वचित दिसते आणि तिच्यासाठी अडून बसायचं कारण नाही. लेबलवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा दिसतो तो जुन्या ब्रिटिश मापाचा वारसा आहे. त्या मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के मद्यार्क. त्याच्या २५ अंश खाली, म्हणजे '२५ यू.पी.' (अंडर प्रूफ), म्हणजे ४२.८.

सोडा

जिनवर तासभर वाद घालणारे लोक सोडा दारामागच्या क्रेटमधून काढून तसाच ओततात. कॉलिन्स फसण्याचं पहिलं कारण हेच. कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यातच नीट विरघळून राहतो: शून्य अंशाला एक लिटर पाणी साधारण १.७ लिटर वायू धरतं, ३० अंशांना त्याच्या निम्म्याहून कमी. खोलीच्या तापमानाचा सोडा बर्फावर ओतला की तो थंड होण्याआधीच वायू सोडून देतो, वर बर्फही जास्त वितळवतो. म्हणजे पेय एकाच वेळी सपक आणि पाणचट. सोडा निदान रात्रभर फ्रिजमध्ये हवा. दरवाज्याच्या कप्प्यात नको, आतल्या बाजूला.

बाटली लहान घ्या. ३०० मिलीच्या बाटलीत दोन ग्लास चोख होतात, तिसऱ्याला उरलेला सोडा दमलेला असतो. मोठी प्लास्टिकची बाटली एकदा उघडली की प्रत्येक वेळी झाकण फिरवताना वायू जातो. शिवाय प्लास्टिकमधून वायू न उघडताही हळूहळू झिरपतो, म्हणून भरल्याची तारीख बघा आणि बाटली दाबून बघा. ती दगडासारखी लागली पाहिजे. काचेला हा त्रास नाही. टॉनिकच्या शेजारी मांडलेल्या छोट्या, महाग सोड्याच्या बाटल्यांत बुडबुडे काही वेगळे नसतात. पैसे आकाराचे जातात, पण इथे आकारच उपयोगाचा आहे. क्षार घातलेला सोडा किंचित खारट लागतो, तो चालतो.

गोटी सोड्याची सोय असेल तर तो उत्तम, फक्त 'प्लेन' असं ठणकावून मागा, नाहीतर मीठ-लिंबू घातलेला येतो. या बाटलीचं पेटंट हायरम कॉड या इंग्रजाचं, १८७२ चं, म्हणजे टॉम कॉलिन्स छापून येण्याच्या चार वर्षं आधीचं. दोघं समवयस्क आहेत. गोटी आत ढकलल्यावर फेस उसळतो तेवढा शांत होऊ द्या आणि बाटली खाचेची बाजू खाली धरून तिरकी करा, म्हणजे गोटी खाचेत अडकते आणि धार तुटत नाही.

घरच्या सोडा मशीनमध्ये फक्त थंड पाणी भरा. रस किंवा पाक आत गेला की झाकण काढताना सगळा ओटा धुवावा लागतो. सोड्याऐवजी टॉनिक किंवा लिम्का घालून वेळ भागवू नका, दोन्हींत साखर असते आणि हिशेब कोलमडतो.

लिंबू आणि पाक

मूळ कृती पिवळ्या, जाड सालीच्या लेमनची आहे. मोठ्या बाजारांत तो आयात केलेला मिळतो. आंबटपणात कागदी लिंबू आणि लेमन जवळजवळ सारखे, दोन्हींच्या रसात साधारण ६ टक्के आम्ल. फरक वासात आहे. कागदीचा वास हिरवा आणि तीक्ष्ण, लेमनचा गोल. रोजच्या कॉलिन्सला कागदी पुरेसं आहे, आणि ग्रेटर दॅनमधल्या गवती चहाशी त्याचं जास्त जुळतं असं आमचं मत. घरी इडलिंबू असेल तर रसात निम्मं ते आणि निम्मं कागदी घेऊन बघा.

रस काढताना घाई करणारेच कडू कॉलिन्स पितात. लिंबू फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, ओट्यावर तळव्याखाली लोळवा, आडवं कापा, बिया टोकाने काढा आणि स्क्वीझर एकदाच दाबा. शेवटच्या चार थेंबांसाठी पिरगाळलं की सालीतलं तेल आणि पांढऱ्या भागाचा कडूपणा रसात येतो. कागदीची साल पातळ असल्यामुळे हे लेमनपेक्षा लवकर होतं. मग रस चहाच्या गाळणीतून गाळा. हे सोवळेपण नाही: गराचा प्रत्येक कण बुडबुड्यांना सुटायला जागा देतो, न गाळलेल्या रसावर सोडा ओतला की फेस उसळून अर्धा वायू तिथेच जातो. मध्यम लिंबातून १२ ते १५ मिली रस निघतो, म्हणजे ग्लासाला दोन. उन्हाळ्यात लिंबं महाग आणि कोरडी असतात, हस्त बहाराचं पीक कमी येतं आणि मागणी तेव्हाच जास्त. त्या दिवसांत तीन धरा. बाजारात निवड असेल तर राहुरी कृषी विद्यापीठाच्या साई शरबती जातीसारखी पातळ सालीची, वजनाला जड फळं उचला. काढलेला रस त्याच दिवशी, शक्यतो चार तासांत वापरा. बाटलीतला टिकाऊ रस, सावर मिक्स, कॉलिन्स मिक्स यांची चव सायट्रिक आम्लाची असते, लिंबाची नाही. ते दुकानातच राहू द्या.

साखर दाणेदार घालू नका. थंडीत ती विरघळते, पण इतकी रमतगमत की ग्लास संपल्यावर तळाशी सापडते, आणि तिचे दाणेही फेस उसळवतात. पाकासाठी २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाणी गरम करून साखर विरघळली की गॅस बंद. एकतारीपर्यंत नेऊ नका, तो लाडवांचा पाक झाला. यातून सव्वातीनशे मिली पाक मिळतो, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो, धागे किंवा ढगाळपणा दिसला की टाकून द्या. साखर दुप्पट घेऊन दाट पाक केला असेल तर २० ऐवजी १४ मिली वापरा. पाच मिलीचा चमचा घरात असतोच, मापाचं वेगळं भांडं नसलं तरी चालतं. अंदाजपंचे मात्र नको. या पेयात ५ मिली पाक इकडचा तिकडे झाला तर कळतो.

कृती

३०० ते ३५० मिलीचा उभा, अरुंद ग्लास फ्रिजरमध्ये थंड करा. अरुंद अशासाठी की वरचा पृष्ठभाग लहान, वायू कमी उडतो. बर्फ मोठ्या खड्यांचा, फ्रिजरमधून थेट काढलेला, कोरडा. ओट्यावर घामेजलेला बर्फ अंगावरचं पाणीही ग्लासात आणतो. बाहेरचा लादीचा बर्फ घेत असाल तर तो खाण्याचा आहे याची खात्री करा. महाराष्ट्रात न खाण्याचा बर्फ निळा रंग घालून विकायचा नियम आहे, पण रंग नाही म्हणजे शुद्ध असं समजू नका.

जिन, लिंबू आणि पाक शेकरमध्ये चार-पाच खड्यांबरोबर फक्त सहा-सात सेकंद हलवा. डायकिरीसारखं पंधरा सेकंद घुसळलं तर पुढच्या सोड्यासाठी पाण्याची जागाच उरत नाही. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते. ग्लास काठापर्यंत बर्फाने भरा, मिश्रण गाळून ओता, मग ग्लास किंचित तिरका करून सोडा आतल्या भिंतीवरून सोडा. पाक जड असतो, तो खाली बसतो, म्हणून लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. गरागरा ढवळलं की जमवलेला सगळा वायू गेला. वर लिंबाची चकती. संत्र्याची फोड आणि चेरी ही अमेरिकी तऱ्हा आहे. आपल्याकडे केकवर मिळणारी लाल 'चेरी' बऱ्याचदा पाकवलेलं करवंद असतं आणि तिचा रंग सुटून पेय गुलाबी होतं. ती वगळा. स्ट्रॉ घालायचीच तर आखूड नको, नाहीतर वरचं पातळ आधी आणि खालचं गोड शेवटी मिळतं.

पहिल्या घोटाला आंबट झणका बसला तर ५ मिली पाक घाला, सोडा वाढवू नका, कारण त्याने आंबट तसंच राहून जिन हरवते. कडू लागलं तर लिंबू जास्त दाबलं गेलं. त्याला उतारा नाही, नवं करा. दहा मिनिटांत पाणी झालं तर बर्फ कमी होता. लोकांना वाटतं बर्फ जास्त म्हणजे पाणी जास्त, प्रत्यक्षात उलटं आहे: भरपूर बर्फ एकमेकांना थंड ठेवतो आणि सावकाश वितळतो.

याची भावंडं

जिन रिकी सगळ्यात सोपी: जिन ६० मिली, कागदी लिंबू १५ मिली, सोडा १२० मिली, साखर नाही. पिळलेली अर्धी साल ग्लासातच टाकायची. वॉशिंग्टनच्या कर्नल जो रिकींच्या नावाचं हे पेय सुरुवातीला बर्बनचं होतं, जिन नंतर आली. ते मुळातच कागदीसारख्या हिरव्या लिंबाचं असल्याने आपल्याकडे काहीच बदलावं लागत नाही. हापुसाची जागा इथे आहे, साखर नसल्यामुळे तिचा राळेचा वास मोकळा होतो.

जिन फिझ म्हणजे बर्फाशिवायचा, आखूड ग्लासातला, चटकन संपवायचा भाऊ: जिन ४५, लिंबू २५, पाक १५, जोरात हलवून वर ६० ते ८० मिली सोडा. अंड्याचा पांढरा बलक घातला तर सिल्व्हर फिझ. तो आधी बर्फाशिवाय पंधरा सेकंद आणि मग बर्फाबरोबर हलवायचा, तरच फेस धरतो. कच्चं अंडं आहे, ताजं नसेल तर नाद सोडा. न्यू ऑर्लिन्सच्या हेन्री रामोसची १८८८ ची फिझ याच घराण्यातली, पण तिला साय आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी लागतं आणि हात भरून येईपर्यंत हलवावं लागतं. सिंगापूर स्लिंगचं नाव याच यादीत घेतात, पण अननसाचा रस आणि तीन-चार लिकर गोळा करण्यापेक्षा तो रॅफल्स हॉटेलातच प्यावा.

फ्रेंच ७५ मध्ये सोड्याऐवजी शॅम्पेन: जिन ३०, लिंबू १५, पाक १०, वर ६० मिली. यासाठी नाशिकची वाइन हाताशी आहे, सुलाची ब्रूट किंवा दिंडोरीत बनणारी शँडन. ब्रूटच घ्या. डेमी-सेक गोड असते, मग पाक अजिबात नको.

कोकम कॉलिन्स मेनूकार्डांवर दिसायला लागला आहे आणि तो बहुतेक ठिकाणी चुकतो, कारण आगळ आणि अमृत कोकम यांत फरक केला जात नाही. आगळ खारट, बिनसाखरेचं. अमृत कोकम साखरेचा पाक. आगळ असेल तर जिन ६०, आगळ १०, लिंबू १०, पाक २५, सोडा १००. आगळ १० च्या पुढे गेलं की जिनची सोलकढी होते, आणि मीठ वरून घालायचं नाही. अमृत कोकम असेल तर ते २५ मिली, लिंबू १५, पाक शून्य. दोन्हींत ग्रेटर दॅनच. कोकम रंग देतं, तुरटपणा देतं, पण वास फारसा देत नाही, तो जिनलाच द्यावा लागतो.

काजू फेणी घालूनही हा साचा चालतो: फेणी ४५, लिंबू २०, पाक २०, सोडा १००. फेणीचा वास जिनसारखा पातळ होत नाही, म्हणून ६० घेऊ नका. मार्च ते मे गोव्यात असाल तर जिन विसरा आणि उर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची हलकी दारू), लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची मागवा. मघाशी लिम्काला नाही म्हटलं ते कॉलिन्सपुरतं, उर्राकचं पाणी वेगळं आहे.

खरेदी

गोव्यात तिन्ही बाटल्या महाराष्ट्रापेक्षा बऱ्याच स्वस्त आहेत, कराचा फरक आहे. पण 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेली बाटली परवान्याशिवाय सीमेपार आणू नका, नाक्यावर गाड्या तपासतात. महाराष्ट्रात जिनसाठी वयाची अट २५ आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो. गोव्यात अट १८ ची आहे.

घरी पाहुणे असतील तर प्रत्येक ग्लास वेगळा हलवत बसू नका. सहा जणांसाठी जिन ३६० मिली, लिंबू १५० मिली, पाक १२० मिली आणि शेकरमध्ये वितळला असता त्या बर्फाच्या बदली ९० मिली थंड पाणी, असं जगमध्ये एकत्र करून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. हे बरोबर ७२० मिली होतं. वाढताना बर्फाने भरलेल्या ग्लासात १२० मिली मिश्रण आणि वर १०० मिली सोडा. सोडा जगमध्ये कधीच ओतायचा नाही. ७५० मिलीच्या एका बाटलीत असे बारा ग्लास होतात, आणखी ३० मिली उरते. त्यासाठी लिंबं पंचवीस, साखर १५० ग्रॅम, ३०० मिलीच्या सोड्याच्या सहा बाटल्या आणि बर्फ तीन किलो. बर्फात कंजुषी करू नका, दुकान बंद झाल्यावर नेमका तोच कमी पडतो.